वनशास्त्राच्या प्राध्यापकाने संशोधनासाठी पैसा कुठून आणि कसा आणावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्य कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात दीड वर्षापूर्वी लागलेल्या एक सहायक प्राध्यापक मॅडम लिहितात: पीएच.डी. कृषिवनीकरणात, म्हणजे शेतीत पिकांबरोबर झाडं लावण्याच्या विषयात, वय ३६. कोकणातल्या कृषिवनीकरण पद्धतींमधलं कार्बन स्थिरीकरण, म्हणजे झाडं आणि माती हवेतला किती कार्बन धरून ठेवतात, या विषयावर दोन प्रस्ताव पाठवले, दोन्ही परत आले. प्रयोगशाळेत एक ओव्हन आणि एक जुना तराजू आहे. आठवड्याला सोळा तास शिकवणं आहे. सुरुवात कुठून करू?

मी तीस वर्षं हेच काम केलं. सुरुवातीला माझे प्रस्तावही परत येत होते, पुढे दुसऱ्यांचे प्रस्ताव तपासायला माझ्याकडे येऊ लागले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी तुमच्या परत आलेल्या प्रस्तावाबद्दल. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांत नवीन लागवड करून मातीतला कार्बन किती वाढला ते मोजणार. परीक्षकाने हे वाचल्या वाचल्या पेन खाली ठेवलं असणार. एकाच शेतात दहा पावलांवर घेतलेल्या मातीच्या दोन नमुन्यांमध्ये जेवढा फरक येतो, तेवढाही फरक तीन वर्षांच्या रोपांमुळे पडत नाही. वाढ झाली तरी ती त्या चढउतारात हरवून जाते. हाच विषय उलटा मांडा. तुमच्या तालुक्यात पाच, दहा, पंधरा, वीस वर्षांच्या काजूच्या, आंब्याच्या, सागाच्या लागवडी आजच उभ्या आहेत. तशाच मातीच्या, तशाच उताराच्या जागा निवडा, शेजारचा पडीक तुकडा तुलनेला घ्या, स्थूल घनता (ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन) मोजा आणि खोलीप्रमाणे नमुने घ्या. वीस वर्षांची गोष्ट तीन वर्षांत मोजून होते, कारण वीस वर्षांचं काम त्या शेतकऱ्याने आधीच केलेलं असतं.

हे शिकायला मला स्वतःला एक प्रस्ताव गमवावा लागला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी कोकमाच्या रोपांचं उत्पन्न तपासायचा तीन वर्षांचा प्रकल्प लिहिला होता. रोपापासून वाढवलेला कोकम फुलायलाच सात-आठ वर्षं लागतात, त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि कुठलं काय हे फुलेपर्यंत कळत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा मार्क मिळवले असते. प्रस्तावाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात मात्र मी 'तिसरे वर्ष: फळांचे उत्पन्न' असं बिनधास्त लिहून मोकळा झालो. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता: "अर्जदाराने कोकम पाहिला आहे काय?" तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता पैशाकडे येतो. आपल्या विषयाची पहिली अडचण बुद्धीची नाही, घराची आहे. वनशास्त्राची महाविद्यालयं आपल्याकडे कृषी विद्यापीठात, म्हणजे कृषी खात्याच्या छताखाली. जंगल वन विभागाकडे. आणि वनसंशोधनाचा केंद्राचा मुख्य पैसा डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेकडे, जी पर्यावरण मंत्रालयाखाली येते. कृषीवाले म्हणतात, झाडं आहेत ना, वन विभागाकडे जा. वन विभाग म्हणतो, विद्यापीठ आहे ना, कृषी खात्याकडे मागा. दोन घरचा पाहुणा उपाशी, ती गत. अमेरिकेत १९६२ साली मॅकिन्टायर-स्टेनिस कायदा झाला. तिथल्या राज्य विद्यापीठांच्या वनशास्त्र शाळांना राज्यातलं जंगल, लाकूडतोड अशा गोष्टींवर बसवलेल्या सूत्राने दरवर्षी केंद्राचा पैसा जातो, आणि राज्याला आपल्या बाजूनेही तेवढीच भर घालावी लागते. दरवर्षी म्हणजे दरवर्षी, त्यामुळे तिथला प्राध्यापक पंधरा वर्षं चालणारा प्रयोग घालायला धजतो. आपल्याकडे असा सूत्राने येणारा पैसा म्हणजे फार तर अखिल भारतीय समन्वित कृषिवनीकरण प्रकल्प. तो १९८३ पासून चालू आहे आणि त्याचं समन्वयन झाशीहून होतं. तुमच्या विद्यापीठात त्याचं केंद्र असेल तर तिथल्या प्रमुखांशी आजच बोला. त्यांच्या जुन्या प्रयोगातली झाडं, त्यांच्या वह्या आणि त्यांचे मजूर हा तयार ऐवज आहे.

बाकी सगळं प्रकल्पावर. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे एएनआरएफ, उभं राहिलं आणि संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं जुनं मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं स्वप्न त्या वेळी मांडलं गेलं. त्यातले १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि उरलेले उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार यांच्याकडून यायचे होते. तुमच्या वयाला लागू पडणारी योजना म्हणजे पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयाची मर्यादा ४२, महिलांना त्यातही सवलत. जाहिरातीतल्या अटी शब्दन् शब्द वाचा, आणि प्रस्ताव कोणत्या विषय-समितीकडे जातोय हे बघून शीर्षक ठरवा. वनशास्त्राला तिथे स्वतःचं दालन नसतं. वनस्पतिविज्ञानाच्या समितीत गेलात तर जनुकांवर काम करणाऱ्या मंडळींसमोर उभे राहाल, आणि 'लागवडीचं अंतर ३ बाय ३ मीटर की ४ बाय ४' हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न त्यांना किरकोळ वाटेल. त्यांना कारण दाखवावं लागतं: मुळांचं काय होतं, पाण्याचं काय होतं, मातीत काय घडतं. अंतराची शिफारस ही त्यातून निघणारी गोष्ट.

प्रयोगशाळा नसेल तर एसईआरबीच्या काळात सुरू झालेल्या 'टेअर'सारख्या योजना बघा. त्यात राज्य विद्यापीठातला शिक्षक वर्षातले ९० दिवस एखाद्या सुसज्ज संस्थेत जाऊन काम करायचा. वर्षाला ५ लाख संशोधनासाठी, ६० हजार स्वतःला. रक्कम छोटी होती. पण ज्याच्या घरी ओव्हनशिवाय काही नाही त्याला आयआयटी किंवा आयसरचं दार उघडत होतं. अशी जाहिरात पुन्हा दिसली तर सोडू नका.

वानिकी परिषदेचं म्हणाल तर महाराष्ट्र त्यांच्या जबलपूरच्या संस्थेकडे येतो आणि गोवा बंगळुरूच्या. कॅम्पाच्या, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या भरपाईपोटी जमणाऱ्या, पैशातून त्यांनी समन्वित प्रकल्प चालवले, त्यात विद्यापीठांनाही भागीदार करून घेतलं. पण तिथे घरबसल्या अर्ज पाठवून शिरकाव होत नाही. त्यांच्या शास्त्रज्ञाला तुमच्या भागातला माणूस हवा असतो. कोकणातला खैर किंवा माणगा बांबू मोजायला जबलपूरहून दर महिन्याला कोण येणार? तुम्ही सहसंशोधक म्हणून आत जा. पहिल्या प्रकल्पात मुख्य नाव आपलंच असावं हा हट्ट सोडा.

कॅम्पाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याबद्दलचा एक गैरसमज काढून टाकतो. धरण, खाण, रस्ता यांना जंगल दिलं की भरपाईचा पैसा जमा होतो. २०१६ च्या कायद्याने त्यातला ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत जातो. 'कॅम्पाकडे हजारो कोटी पडून आहेत, आम्हाला द्या' असं म्हणत सचिवालयात गेलेले प्राध्यापक मी पाहिलेत. रिकाम्या हाताने परत आलेलेही तेच. राज्याचा पैसा वन विभागाच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतो. त्या आराखड्यात तुमचं काम तेव्हाच शिरतं, जेव्हा एखाद्या उपवनसंरक्षकाला ते स्वतःच्या गरजेचं वाटतं. लागवडी किती जगल्या याचं त्रयस्थ मूल्यमापन, कार्य आयोजनेसाठी (वन विभागाचा जंगल-व्यवस्थापनाचा आराखडा) झाडांच्या घनफळाचे तक्ते, एखाद्या रोपवनाची वाढ खुंटली त्याचं कारण, असे प्रश्न त्यांच्या टेबलावर रोज असतात. ते विचारायला जावं लागतं. मी गेलो तेव्हा एका साहेबांनी दीड तास फक्त रानमोडी या जंगलात माजणाऱ्या तणाबद्दल तक्रार केली. त्या दीड तासातून माझा पुढचा प्रकल्प निघाला.

बाकीची ठिकाणं भराभर सांगतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ नरक्या, सप्तरंगी असल्या वनस्पतींवर पैसे देतं. मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश या जैवविविधता जतनाच्या प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी मंजूर झाले, ते काम राज्य जैवविविधता मंडळामार्फत चालतं. गवताळ प्रदेश, स्थानिक वाणं, सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रांचं व्यवस्थापन हे त्याचे विषय. किनाऱ्यावर असाल तर कांदळवन प्रतिष्ठान आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून इमारत, रोपवाटिका, शेडनेट अशा गोष्टी विद्यापीठाला मिळतात. ती यादी संशोधन संचालकांच्या कार्यालयात बनते, त्यामुळे ती बनण्याआधी तिथे जाऊन बसा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा हवा असेल तर एक लक्षात ठेवा: कंपनीला झाडांचा आकडा हवा असतो. 'दहा हजार रोपं' म्हटलं की सही होते, 'दहा हजारांपैकी किती जगली ते पाच वर्षं बघू' म्हटलं की चहा येतो आणि बैठक संपते. रोपांच्या खर्चातच पुढच्या मोजणीची रक्कम बसवून घ्या.

आता परवानगी. इथे चांगले चांगले प्रकल्प बुडतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम करायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, म्हणजे आपल्याकडे फाईल नागपूरला जाते. प्रकल्प मंजूर झाल्यावर अर्ज केलात तर पहिलं वर्ष त्यातच जाणार, आणि अनुदान देणारा त्या वर्षाचा हिशेब मागणारच. प्रस्ताव लिहितानाच संमतीचं पत्र घ्या. पत्रात परिक्षेत्र, नियतक्षेत्र आणि कक्ष (जंगलाचे क्रमाने लहान होत जाणारे भाग) यांचे नाव-क्रमांक लिहून घ्या, कारण साहेब बदलतात आणि नवे साहेब 'ते आधीच्यांनी सांगितलं असेल' म्हणतात. कोकणाची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथलं बरंच जंगल खासगी मालकीचं. सातबारावर अकरा नावं, त्यातली सहा मुंबईला. प्लॉट, म्हणजे झाडं मोजण्यासाठी आखलेला तुकडा, घालायला गावातल्या भावाने होकार दिला आणि गणपतीला आलेल्या चुलतभावाने झाडं ठेकेदाराला विकली, असं माझ्याबरोबर झालंय. चौदा झाडांचा चार वर्षांचा डेटा एका आठवड्यात कोळशाच्या भट्टीत गेला. तेव्हापासून मी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घेतो, आणि एका मालकाच्या भरवशावर सगळे प्लॉट ठेवत नाही.

खरा घोळ कॅलेंडरचा. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, आपलं वर्ष जूनच्या पहिल्या पावसाला सुरू होतं. माझ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पाचं मंजुरीपत्र ऑगस्टमध्ये आलं, पैसे नोव्हेंबरमध्ये. लागवडीचा हंगाम गेलेला. मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागितलं गेलं, त्यात ऐंशी टक्के रक्कम अखर्चित. अखर्चित आहे म्हणून दुसरा हप्ता अडला. दुसरा हप्ता नाही म्हणून जूनमध्ये मजुरांना द्यायला पैसे नाहीत. तो पावसाळाही गेला. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोन पावसाळे असे वाहून गेले, आणि शेवटच्या अहवालात मी काय लिहिलं ते विचारू नका.

त्यावर उपाय एकच. पहिल्या वर्षाचं काम पावसावर अवलंबून ठेवू नका. पहिल्या वर्षात सर्वेक्षण, जुन्या झाडांची मोजमापं, मातीचे नमुने, कुंपण आणि रोपवाटिका. रोपवाटिकेतही बियाण्याची तारीख बघा. सागाचं फळ नोव्हेंबर ते जानेवारीत गोळा होतं, खैराच्या शेंगा हिवाळ्यात. कोकमाचं बी उन्हाळ्याच्या शेवटी मिळतं आणि ते वाळवून ठेवता येत नाही, ताजंच पेरावं लागतं. अंदाजपत्रकातला महिना या तारखांशी जुळवा. परीक्षकाला जर झाडं कळत असतील तर एवढ्या एका तक्त्यावरून त्याला समजतं की अर्जदाराने कोकम पाहिला आहे.

अंदाजपत्रकाबद्दल दोन-तीन गोष्टी. जेआरएफचं, म्हणजे प्रकल्पावर काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाचं, विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधक, झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. म्हणजे तीन वर्षांचा एक विद्यार्थी पंधरा लाखांच्या वर जातो. जुन्या प्रस्तावातले ३१,००० चे आकडे उचलून टाकू नका, अजून लोक टाकतात. उपकरणांवरही संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के जीएसटीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला, आता बहुतेक उपकरणांना १८ टक्के धरा. खासगी अनुदान घेणाऱ्यांसाठी एक दिलासा म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन अनुदानांना जीएसटीतून वगळण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत झाला. लेखाशाखेला हे माहीत असेलच असं नाही. त्याची प्रत सोबत ठेवा.

उपकरणांचा मोह आवरा. मातीतल्या कार्बनसाठी महागडं विश्लेषण यंत्र मागितलंत तर समिती विचारेल, बसवणार कुठे, चालवणार कोण, वीज गेली तर काय? वॉकली-ब्लॅक पद्धतीला डायक्रोमेट, आम्ल आणि ब्युरेट पुरतं. दहा टक्के नमुने दुसऱ्या संस्थेत पैसे भरून तपासून घ्या आणि दोन्हींचं नातं दाखवा. वाचलेला पैसा गाडीवर घाला. वनशास्त्राच्या प्रस्तावात सर्वात कमी धरलेली आणि सर्वात आधी संपणारी बाब म्हणजे गाडीचं भाडं. विद्यापीठाची जीप मिळेल या आशेवर कधीही बसू नका, ती त्या दिवशी कुठल्या तरी पाहुण्यांना आणायला गेलेली असते. मजुरीही स्वतंत्र शीर्षकाखाली मागा. ती 'आकस्मिक खर्चा'त घातलीत तर लेखापाल प्रत्येक महिन्याला नव्याने विचारतील की डोंगर चढायला चार माणसं कशाला लागतात.

उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या नियमांप्रमाणे १२-अ नमुन्यात जातं, आणि खात्यावर जमलेलं व्याजही परत करावं लागतं. या कामासाठी लेखाशाखेतला जो कारकून फाईल हाताळतो त्याला प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच भेटा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. एकदा जमलं तर त्यांना प्लॉट दाखवायला घेऊन जा. मी एकांना नेलं होतं. चढावर त्यांचा दम लागला, आणि त्यानंतर मजुरीचं एकही बिल परत आलं नाही.

जेआरएफ टिकत नाही, ही तुमची पुढची तक्रार असणार. वनशास्त्राचा पदवीधर दिवसा तुमची झाडं मोजतो आणि रात्री एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेचा अभ्यास करतो. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी राजीनामा. सुरुवातीला मला राग यायचा. आता हिशेब करतो: माझ्या हाताखालून गेलेले सात जण आज परिक्षेत्र अधिकारी किंवा त्याच्या वर आहेत, आणि परवानगीचं पत्र कुणाच्या टेबलावर अडलंय हे मला फोनवर कळतं. फक्त एवढं करा की मोजमापाची वही एकट्या त्याच्याकडे राहू देऊ नका. दर महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो, आणि गावातला एक कायमचा माणूस ज्याला प्रत्येक झाड माहीत आहे. त्या माणसाची मजुरी कधीही थकवू नका.

आता तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचं. नवा प्रस्ताव लिहायच्या आधी, स्वतःच्या पैशाने किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या कामातून, दोन प्लॉट घाला. वीस बाय वीस मीटरचे चालतील. पन्नास हेक्टरचं ध्येय नंतर ठेवा. मुदुमलाईत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तेवढा मोठा प्लॉट घातला, आणि तिथली झाडं तीन दशकांनंतरही मोजली जात होती. त्यांच्याकडे माणसं होती, तुमच्याकडे सध्या तुम्ही आहात. पहिलं मोजमाप हातात असलं की प्रस्तावात 'करणार आहोत' ऐवजी 'केलं आहे' लिहिता येतं. परीक्षक म्हणून सांगतो, माझी नजर आधी तिथेच जायची.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा, चढावर असेल तर वरच्या बाजूने, आणि त्या जागी रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे पुढचा माणूस दुसऱ्याच उंचीवर टेप लावणार नाही. क्रमांकाची पाटी अ‍ॅल्युमिनियमची घ्या, खिळाही अ‍ॅल्युमिनियमचाच, लोखंडी नको. खिळा पट्ट्याच्या बराच वर ठोका, नाहीतर तिथे आलेली गाठ मोजमापात येईल. तो पूर्ण ठोकू नका, दोन बोटं बाहेर ठेवा. ऐनाच्या झाडावर मी पहिल्या वर्षी घट्ट ठोकलेल्या पाट्या सालीने गिळून टाकल्या, आणि क्रमांक २३ कोणता आणि २४ कोणता हे ठरवायला मला जुन्या नकाशावरून दोन दिवस लागले.